हुंकार

"हा होकार कुणाला देतेस?"

सरांनी एवढंच विचारलं. तालमीच्या खोलीत आम्ही सातजण भिंतीला टेकून बसलो होतो. प्रत्येकाने ऑडिशनसाठी बसवलेलं स्वगत करून दाखवायचं होतं आणि टेबलावरच्या मोबाइलमध्ये दोन मिनिटांचा टायमर लावलेला होता. माझा नंबर पाचवा. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातलं, खोट्याखोट्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत मी महिनाभर घासत होते. तळपाय गार पडले होते, घसा कोरडा होता, पण पाठांतर पक्कं होतं. पहिलं वाक्य चांगलं गेलंसं वाटलं. आवाज पोटातून आला होता, खोली एकदम गप्प झाली होती. दुसरं वाक्य उचलणार तेवढ्यात सरांनी हात वर केला. "पहिलंच वाक्य होकाराचं आहे ना? कुणी काही विचारल्याशिवाय माणूस हो म्हणत नाही. काय विचारलं तिला?" मी म्हणाले, "न्यायाधीश झालेले काशीकर विचारतात, सर." "काय विचारतात?" "म्हणजे... निकाल द्यायच्या आधी..." "शब्द सांग." शब्द माझ्याकडे नव्हते. नाटकाची गोष्ट मला ठाऊक होती. कोण कोण आहे, काय घडतं, कसं संपतं, सगळं. पण ज्या वाक्याला मी उत्तर देत होते तेच वाक्य मला येत नव्हतं. सर रागावले नाहीत. टायमर थांबवून म्हणाले, "बस. पुढचा कोण?"

खाली बसले तेव्हा कान तापले होते.

ओरडा बसला असता तर बरं झालं असतं. ओरड्याचं दुःख रात्रीपर्यंत ओसरतं. हा प्रश्न काही ओसरेना. खोलीवर आल्यावर मी तो कागद काढून समोर ठेवला. वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून तो माझ्याकडे आला होता, तिच्याकडे आणखी कुणाकडून तरी. चार घड्या घालून घालून मऊ पडलेला झेरॉक्सचा कागद. समासात तीन वेगवेगळ्या हातांच्या पेन्सिलीच्या खुणा: कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, एका जागी नुसतं 'डोळे' असं लिहिलेलं. मधल्या घडीवरचा एक शब्द पार पुसला गेला होता. तिथे काय असेल याचा मी अंदाज केला होता आणि महिनाभर तो अंदाजच पाठ म्हणत होते. माझ्या आधीच्या दोघींनीही आपापले अंदाज म्हटले असतील. आणि कागद सुरूच होत होता त्या होकारापासून. त्याच्या वर कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत कुणीतरी काहीतरी बोललं असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मोनोलॉग म्हणजे एकाचंच बोलणं, ते एकट्यापासूनच सुरू होणार, असं मी धरूनच चालले होते.

नंतर कळलं की इतका अपुरा कागद चारशे वर्षांपूर्वीच्या नटालाही कुणी देत नसे. एलिझाबेथकालीन इंग्लंडमध्ये नटाच्या हाती अख्खं नाटक पडत नव्हतं. त्याची तेवढी वाक्यं उतरवून, कागदाच्या पट्ट्या एकीखाली एक चिकटवून त्यांची गुंडाळी त्याला द्यायचे. इंग्रजीतला 'रोल' हा शब्द त्या गुंडाळीवरूनच आला. एडवर्ड ॲलन या नटाची ऑर्लँडोच्या भूमिकेची अशी एक प्रत लंडनच्या डलिच कॉलेजात अजून जपून ठेवलेली आहे. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांतही नट आपापली 'नक्कल' उतरवून घेऊन पाठ करत. पण त्या इंग्रजी गुंडाळ्यांत प्रत्येक संवादाच्या आधी एक लांब रेघ असे आणि रेघेच्या टोकाला समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे एक-दोन शब्द. त्यालाच क्यू म्हणायचं. नाटक पूर्ण ठाऊक नसलेला नटसुद्धा रंगमंचावर उभा राहिला की कान टवकारून असायचा, कारण ते शब्द कधी येतील याचा नेम नसायचा. माझ्या कागदावर ती रेघही नव्हती.

पुस्तक आणलं ते दुसऱ्या दिवशी. नाटक पहिल्या पानापासून वाचलं, आणि शेवटाकडे आले तेव्हा लक्षात आलं की मी आजवर हे स्वगत सोयीने वाचत आले होते. काशीकर तिला विचारतात, आरोपाबद्दल काही सांगायचंय का. घड्याळ समोर ठेवतात. दहा सेकंद देतात.

दहा सेकंद!

हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या हातात मोबाइलचा टायमर असताना ते वाचणं वेगळं. मी घड्याळ लावून पाहिलं. दहा सेकंदांत त्या स्वगतातली जेमतेम दोन वाक्यं बसतात. म्हणजे तेंडुलकरांनी त्या बाईला बोलायला वेळच दिलेला नाही. ती जे बोलते ते घड्याळाच्या बाहेर बोलते. आणि मी काय केलं होतं? कात्री घेऊन ते दोन मिनिटांत बसवलं होतं. माझ्या वेगाने दोन मिनिटांत अडीचशेच्या आसपास शब्द बसतात, त्यामुळे पानांमधून अडीचशे शब्द वेचले होते. वेचताना काय ठेवलं? रडू येईल ते. आवाज चढेल ते. मुलांविषयी, शाळेविषयी ती जे मायेने बोलते ते मी कापून टाकलं होतं, कारण त्यात मला 'काही करायला' मिळत नव्हतं. आज ते लिहिताना वाईट वाटतं. ती बाई शिक्षिका आहे. शाळेच्या घंटेआधी पोचणारी, पोरांमध्ये रमणारी. तेच काढून टाकल्यावर उरतं ते फक्त तिच्यावर काय काय गुदरलं याची यादी, आणि कटघऱ्यात उभ्या असलेल्या बाईची नेमकी तीच यादी तर ती बाकीची मंडळी खटलाभर करत होती.

ऑडिशनची तयारी करणारे आम्ही सगळेच असं करतो. उतारा निवडताना आपण त्यात किती दिसू हे आधी पाहतो. म्हणून विशी-बाविशीतली मुलं बेलवलकरांचं स्वगत करतात. 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी त्या म्हाताऱ्याला जो आवाज दिला, तोच आवाज या मुलांच्या नकळत त्यांच्या घशातून येतो. त्यात वाईट हेतू नसतो. प्रेमच असतं, भारावलेपण असतं. पण ते ऐकताना वाटतं की हा मुलगा त्या भाषणाच्या प्रेमात आहे. भाषण ज्या पोटच्या पोरांनी, ज्या घरांनी, ज्या दारांनी ओढून काढलं त्यांची त्याला ओळखच झालेली नाही. मी बेणारेबाईंशी नेमकं तेच केलं होतं. १९६७ मध्ये सुलभा देशपांडे यांनी ती भूमिका पहिल्यांदा केली, तेव्हा मी जन्मायला कितीतरी वर्षं होती. त्यांचं काम मी पाहिलेलं नाही, फक्त त्याविषयी ऐकलंय. तरी माझ्या बोलण्यात कुणाकुणाच्या बेणारेबाई होत्या. कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या.

पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात रशियन नाट्यगुरू स्तानिस्लाव्स्कींच्या पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' हे पुस्तक इंग्रजीत १९३६ मध्ये आलं, त्यांच्या निधनाच्या दोन वर्षं आधी, आणि ते सगळं एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात आहे. मी ते पूर्वी वाचलं होतं. ऑथेल्लोची तयारी करणारा तो कोस्त्या, घरात कागद कापायच्या सुरीची कट्यार आणि टॉवेलचा फेटा करून आरशासमोर उभा राहणारा, मला फार जवळचा वाटला होता. पण ब्रोचची गोष्ट मी वाचून विसरले होते. शिकायला आलेल्या मारियाला गुरुजी सांगतात: तुझी परिस्थिती बिकट आहे, शाळेची फी भरायला पैसे नाहीत, एका मैत्रिणीने तुला तिचा ब्रोच दिलाय, तो पडद्याच्या चुण्यांत टोचून ठेवलाय, जा, शोध. मारिया रंगमंचावर धावते. कपाळ धरते, पडदे पिळवटते, हुंदके देते. खाली येते तेव्हा चेहरा फुललेला असतो, इतकं छान वाटलं म्हणून सांगते. गुरुजी विचारतात, ब्रोच कुठाय? अरे हो, म्हणते, ते विसरलेच. मग ते तिला पुन्हा पाठवतात, पण या वेळी सांगतात की ब्रोच सापडला नाही तर तुला शाळा सोडावी लागेल. आता ती एकेक चुणी उलगडून पाहते. सावकाश. हातवारे नाहीत, हुंदके नाहीत. ब्रोच तिथे नाही हे हळूहळू तिच्या ध्यानात येतं आणि बघणाऱ्यांचा श्वास अडकतो.

सर माझ्याकडे बघून बोलत नव्हते. पण मला माझा ब्रोच दिसला. मी महिनाभर पडदे पिळवटत होते.

मग मी ते वाक्य शोधायचं ठरवलं. एकच नव्हे, सगळी. स्वगतातल्या प्रत्येक वाक्याच्या आधी कुणी काय म्हटलं असेल ते लिहून काढायचं. ही काही माझी युक्ती नव्हे, तालमीच्या खोलीत ती सर्रास सांगतात: समोरच्याची न लिहिलेली वाक्यं समासात लिहा. मी वही घेतली, डाव्या पानावर बेणारेबाई, उजव्या पानावर रिकाम्या ओळी. लिहायला बसले आणि हात अडखळला. कोण बोलेल? सुखात्मे? रोकडे? तो कधी समोरच न येणारा दामले? उजवं पान रिकामं राहिलं आणि त्या रिकाम्या पानाकडे बघताना मला एकदम आमच्या जुन्या घरातला फोन आठवला.

बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर. गोल गोल वायरचा. आई नेहमी उभ्यानेच बोलायची आणि बोलताना ती वायर डाव्या हाताच्या तर्जनीला गुंडाळत राहायची. मी खाली फरशीवर पोटावर पडून गृहपाठ करत असायचे. मला पलीकडचं काही ऐकू यायचं नाही. ऐकू यायचं ते आईचं "हं". आई फोनवर बोलायची कमी आणि हुंकार जास्त द्यायची. मी त्याचा खेळ करून टाकला होता: पलीकडे कोण आहे आणि काय सांगतंय ते नुसत्या हुंकारांवरून ओळखायचं. मावशी असली की "हं" चढत जायचा, शेवटी त्याचं हसू व्हायचं. बाबांच्या ऑफिसातलं कुणी असलं की तो तुटक, अदबीचा. आत्या असली की लांबलेला, आणि तिसऱ्या-चौथ्या "हं"नंतर आई माझ्याकडे बघून डोळे मोठे करायची. पलीकडची अख्खी भाषणं मी त्या एका अक्षरावरून रचत असे. बरोबर निघाली की मला कोण आनंद व्हायचा.

एका दुपारी फोन वाजला. आईने घेतला. पहिला "हं" नेहमीचा. मग बराच वेळ काहीच नाही. मी पेन्सिल थांबवली. मग एक "हं" आला ज्याच्यात आवाजच नव्हता, नुसती हवा. आणि आईने बोटावरची वायर सोडवायला सुरुवात केली. एकेक वेढा, सावकाश, जणू ते फार महत्त्वाचं काम होतं. शेवटचा वेढा सुटल्यावर ती स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. ती फोनवर कधी बसत नसे. "हं," म्हणाली, "मी निघते." मला संध्याकाळपर्यंत कुणी काही सांगितलं नाही, पण आजोबा गेले हे मला त्या वायरवरून कळलं होतं. त्या दिवसानंतर मी तो खेळ खेळले नाही.

झाँ कॉक्तोने एक अख्खं नाटक असंच लिहिलं, १९३० मध्ये रंगभूमीवर आलेलं 'द ह्यूमन व्हॉइस'. एकटी बाई, एक फोन, पलीकडे तिला सोडून गेलेला पुरुष. प्रेक्षकाला त्याचा एक शब्द ऐकू येत नाही, मधूनमधून लाइनही तुटते, आणि तरी नाटक संपेपर्यंत तो पुरुष आपल्याला नीट ओळखीचा होतो. ते वाचताना मला नवल वाटलं नाही. त्यातली बाई जिथे थांबते तिथे तो बोलतो, एवढं मला फरशीवर पडल्या पडल्याच समजलं होतं. नवल वाटलं ते आपल्याकडचं वाचून. संस्कृत नाट्यशास्त्राने दहा रूपकं, म्हणजे नाट्यप्रकार, सांगितली, त्यात एक 'भाण'. एकच अंक, एकच नट. तो रस्त्याने चालतो, न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, मध्येच थांबून विचारतो, "किं ब्रवीषि?" काय म्हणतोस? आणि त्या अदृश्य माणसाचं उत्तर स्वतःच सांगून पुढे जातो. याला नाव आहे आकाशभाषित. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपक' या ग्रंथात त्याची व्याख्या केली, आणि तिच्यातले काही शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत: "श्रुत्वेवानुक्तमपि". न बोललेलंसुद्धा जणू ऐकून. एवढ्या थोड्या शब्दांत या सगळ्या कामाचं वर्णन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. धनंजयाने बोलण्यावर भर दिलाच नाही. एकट्या नटाने आधी ऐकायचं आहे.

पण तरीही उजवं पान भरेना, आणि त्याचं कारण मला पुस्तकातच सापडलं. बेणारेबाई बोलायला लागतात तेव्हा बाकीचे सगळे आहेत त्या स्थितीत गोठतात. प्रकाश बदलतो. ती एवढं सगळं बोलते, आणि ते संपल्यावर कुणाच्याही चेहऱ्यावर त्याचा मागमूस नसतो. कोर्ट पुढे चालू. निकाल दिला जातो. तिने काही म्हटलंच नाही असंच सगळे वागतात. कदाचित म्हटलं नसेलही, कदाचित ते सगळं तिच्या मनातच झालं असेल. या एका गोष्टीने मी फार बेचैन झाले. इतके दिवस मी समोरच्या माणसाला शोधत होते, आणि नाटककाराने तर समोरची माणसं दगड करून ठेवली होती. मग ऐकायचं कुणाचं? सरांना विचारलं. ते म्हणाले, "दगड झालेत, पण गेले नाहीत ना कुठे? एवढं पुरे आहे तुला." मला ते पुरलं नाही. मला ते डोक्याने पटलं, पण उभं राहून म्हणायला गेलं की समोर फक्त भिंत असायची. मोबाइलवर टेप करून पाहिलं, तर ऐकणारी मीच होते. स्क्रीनवरची माझी छबी माझं ऐकून खूश होत होती. आरशासमोर तालीम करू नये असं का म्हणतात ते तेव्हा कळलं. आरशातला माणूस फार लवकर हुंकार देतो.

शेवटी एका रात्री मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, एक वाक्य वाचून दाखवशील का? फक्त एक." पानाचा फोटो काढून पाठवला. तिने चष्मा शोधला, मग फोटो मोठा कसा करायचा ते विचारलं. "हे काशीकर कोण?" मी थोडक्यात सांगितलं. "मग रागाने वाचू?" "नको, साधं वाच, जसं येईल तसं." आईने घसा खाकरला आणि वाचलं. सोसायटीच्या सभेत इतिवृत्त वाचतात तसं, एका सुरात, पूर्णविरामाला नीट थांबून. मी चरकलेच. काशीकर असाच असणार. त्याला आवाज चढवायची गरजच काय? घड्याळ त्याच्याकडे आहे. त्या सपाट, सौम्य, शिस्तीच्या आवाजाने मला विचारलं की काही सांगायचंय का, आणि माझ्या तोंडून होकार आला तो मी महिनाभर घासलेला नव्हता. तो बारीक होता, उशिरा आला. तो मला आवडलासुद्धा नाही. पण तो उत्तर होता.

मी बोलत राहिले. कापलेला भाग परत घातला होता, मुलं, शाळा, सगळं. आईला पुढचं काही ठाऊक नव्हतं. ती पलीकडे आहे एवढं फक्त श्वासावरून कळत होतं. मग तो भाग आला. कोवळ्या वयात सख्ख्या मामावर जडलेलं प्रेम, लग्नाचा हट्ट, घरच्यांचा विरोध, त्यात आईचाही, आणि तोंड लपवून पळून गेलेला तो माणूस. हे सगळं मी माझ्या आईला म्हणून दाखवत होते. आवाज सांभाळायचं भान राहिलं नाही. घराच्या कठड्यावरून तिने स्वतःला झोकून दिलं ते वाक्य म्हटलं आणि पलीकडून आलं: "हं."

केवढासा. नुसती हवा. मी तो ओळखला.

मी थांबले. किती वेळ, ते मोजलं नाही. आई म्हणाली, "पुढचं विसरलीस का गं?" "नाही." पुढचं वाक्य मला येत होतं. ती मेली नाही, असं ते वाक्य आहे. रोज मी ते मागच्या वाक्याला चिकटवून एका दमात म्हणत आले होते, कारण कागदाच्या समासात तिथे 'वेग' असं लिहिलेलं होतं. आईच्या हुंकारानंतर ते वाक्य वेगाने म्हणताच येईना. कुणीतरी धास्तावलं होतं, त्याला सांगायचं होतं की मेले नाही. मी सांगितलं. मग शेवटपर्यंत गेले. संपल्यावर आई अभिनयाबद्दल काहीच बोलली नाही. तिने विचारलं, "शेवटी कुणी काहीच म्हणत नाही का गं तिला?" म्हटलं, "नाही. ते कुणाला ऐकूच येत नाही." आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सगळे तिथेच बसलेत ना?"

त्या रात्री मी वहीचं उजवं पान भरलं. त्यात एकाही पात्राचं वाक्य नाही. नऊ ठिकाणी "हं" लिहिलंय, आणि प्रत्येकापुढे कंसात तो कसा आहे ते: चढता, तुटका, हवेचा. नंतर ते नऊच्या नऊ खोडले. खोडले म्हणजे वरून एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. त्यांच्या जागा मात्र मी पाठ केल्या, वाक्यांसारख्याच. तिथे तिथे तिला हुंकार हवा आहे, आणि तिथे तिथे तो येत नाही.

ऑडिशनची खोली लहान होती. जमिनीवर पांढऱ्या पट्टीची फुली, टेबलामागे तिघं, एकाच्या चेहऱ्यावर लॅपटॉपचा निळसर उजेड. नाव आणि उताऱ्याचं नाव सांगितलं. "करा सुरू. दोन मिनिटं." मधल्या बाईंच्या डोक्याच्या किंचित डावीकडे, भिंतीवर, स्विचबोर्ड होता. मी काशीकरांना तिथे बसवलं. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलू नये असा संकेत असतो, तो मी पाळत होते, पण खरं म्हणजे मला तेव्हा बघायचं नव्हतंच. मी आईचा आवाज यायची वाट पाहत होते. तो आला. सपाट, एका सुरातला, पूर्णविरामाशी नीट थांबणारा. काही सांगायचंय का. मी हो म्हटलं.

मुलांचा भाग आला आणि गेला. पहिली मोकळी जागा आली, तिथे थांबले, काही आलं नाही, पुढे गेले. दुसरी आली. मामाच्या भागात गुडघ्यामागे घाम आल्याचं जाणवलं. कठड्याचं वाक्य म्हटलं आणि थांबले. आईच्या "हं"ची जागा होती ती. मी वाट पाहिली. खरोखर पाहिली. पंखा फिरत होता. कडेच्या माणसाने समोरच्या यादीचं पान उलटलं. लॅपटॉपवाल्यांची मान खालीच होती. सगळे तिथेच बसले होते.

मग मी त्यांना सांगितलं, ती मेली नाही ते.